मागचे दार मोकळे आहे का?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून शिक्षण, नोकरी, संघटन, आरक्षण अशा मोठ्या विषयांवर आपण वर्षानुवर्षे विद्वान वक्त्यांची भाषणे ऐकत आलो आहोत. मी विद्वान नाही. बँकेत कारकून आहे, कला शाखेचा पदवीधर आहे. म्हणून मी मोठ्या विषयाला हात न घालता आपला थोडा वेळ एका दारासाठी मागणार आहे. हे दार म्हणजे वृद्धाश्रम, वसतिगृह, बालगृह, मनोरुग्णांचे निवारागृह, अपंगांची निवासी शाळा अशा ठिकाणी असणारे मागचे दार, म्हणजेच संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. हे शब्द आपल्याला एस.टी.च्या गाडीमुळे लहानपणापासून पाठ आहेत. गाडीत बसल्यावर आपण ते वाचतो आणि विसरून जातो. परंतु ज्या इमारतीत शंभर मुले किंवा पन्नास म्हातारी माणसे रोज रात्री झोपतात, त्या इमारतीत असा मार्ग आहे किंवा नाही, आणि असला तर तो मोकळा आहे किंवा नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल?

हा विषय आपल्याला लागू कसा पडतो, हे आधी सांगतो. आपल्या समाजातील हजारो मुले-मुली वसतिगृहात राहून शिकली. आजही शिकत आहेत. आज समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण वसतिगृहात राहत असतील. दुसरीकडे, मुले नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी गेल्यामुळे आपल्यातील वयोवृद्ध मंडळी आता वृद्धाश्रमात राहू लागली आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही गोष्ट आपल्या वस्तीत कोणी बोलूनही दाखवली नसती. आणि आपली संस्था दरवर्षी अशा ठिकाणांना कपडे, खाटा, कपाटे, धान्य यांची मदत देते. तेव्हा या घरांशी आपले नाते आहे आणि त्यांच्याविषयी विचारण्याचा अधिकारही आपल्याला आहे.

आपल्या स्वतःच्या घरात आग लागली तर आपण उठतो, मुलांना उचलतो आणि पळतो. दाराची कडी कुठे आहे हे अंधारातही हाताला माहीत असते. निवासी संस्थेत तसे नसते. तेथे राहणारा माणूस स्वतःच्या पायाने चालू शकेलच असे नाही. त्याला ऐकू येत नसेल, त्याला झोपेचे औषध दिलेले असेल, तो आठ वर्षांचा असेल, किंवा त्याला आपण कोठे आहोत हेच आठवत नसेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाराची किल्ली त्याच्याजवळ नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात, ड्रॉवरमध्ये किंवा खिळ्याला असते. जो स्वतःचे दार स्वतः उघडू शकत नाही, त्याच्या जिवाची जबाबदारी दार लावणाऱ्यावर येते. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

मित्रहो, काही घटना मी आपल्यापुढे ठेवतो. त्या दुःखद आहेत, परंतु त्या समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ ठरेल.

तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचे गाव आहे. तेथील दर्ग्यात मनोरुग्ण बरे होतात या श्रद्धेने लोक आपल्या नातेवाइकांना तेथे आणून सोडत, आणि त्यांना ठेवून घेणारी खाजगी निवासगृहे गावात निघाली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका गृहाच्या झोपड्यांना आग लागली. रुग्णांना खाटांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते. या आगीत २८ माणसांचा मृत्यू झाला. आग लागल्याचे त्यांना दिसत होते, समजत होते, पण उठता येत नव्हते. या घटनेची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन घेतली, तशी निवासगृहे बंद करण्यात आली, आणि पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली. कायदा व्हायला मात्र सोळा वर्षे लागली.

त्याच वर्षी, मार्च २००१ मध्ये, आफ्रिकेतील केनिया देशात क्यांगुली येथील माध्यमिक शाळेच्या वसतिगृहाला रात्री आग लावण्यात आली. ६७ मुले गेली. त्या दालनाला दोन दारे होती, त्यांपैकी एक कुलूपबंद होते आणि खिडक्यांना लोखंडी गज होते. ८ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जागतिक महिला दिनाच्याच दिवशी, ग्वाटेमाला देशात सरकारी बालगृहातील ४१ मुलींचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी त्या तेथील छळाला कंटाळून पळाल्या होत्या, त्यांना पकडून आणून एका खोलीत कोंडले होते, आणि आग लागल्यावर त्या खोलीचे दार वेळेवर उघडले गेले नाही.

मे २०२३ मध्ये दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात महदिया या गावी शाळेच्या मुलींच्या वसतिगृहाला रात्री आग लागली आणि २० मुले मृत्युमुखी पडली. त्यातील बहुतेक मुली दूरच्या आदिवासी गावांतून शिकायला आलेल्या होत्या. आपल्याकडे आश्रमशाळेत येतात ना, अगदी तशाच. मुलींनी रात्री बाहेर जाऊ नये म्हणून दारांना कुलपे होती आणि खिडक्यांना ग्रील होते. वसतिगृहाची देखरेख करणारी बाई आतच झोपलेली होती. पण त्या गोंधळात तिला योग्य किल्ल्या सापडल्या नाहीत, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. मृतांमध्ये तिचा स्वतःचा पाच वर्षांचा मुलगाही होता.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपण अशा बातम्या वाचतो आणि म्हणतो, 'काय ही निर्दय माणसे!' पण ज्या बाईने स्वतःच्या मुलाला त्याच छताखाली निजवले होते, तिला निर्दय कसे म्हणावे? तिने कुलूप लावले ते मुलींच्या काळजीपोटी. दार बंद करणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. म्हणूनच या प्रश्नाकडे केवळ संतापाने पाहून भागत नाही. त्या हेतूचा आणि मोकळ्या दाराचा मेळ कसा घालायचा, हे शोधावे लागते.

आता आग म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. मी शास्त्र शाखेचा नाही, पण एवढे प्रत्येकाला कळण्यासारखे आहे. आगीत माणूस ज्वालेने मरतो त्याहून अधिक वेळा धुराने मरतो. गाद्या, उशा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पडदे, वायरी जळू लागल्या की त्यातून विषारी वायू निघतात. त्यांपैकी कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील एका मोठ्या खाजगी रुग्णालयात तळघरात साठवलेल्या ज्वालाग्राही सामानाला आग लागली. ज्वाला तळघरात होत्या, पण धूर वरच्या मजल्यांवर चढला, आणि नव्वदच्या आसपास माणसे गुदमरून मेली. धूर आधी छताशी साचतो आणि मग खाली उतरत येतो, म्हणून जमिनीलगत थोडा वेळ श्वास घेण्याजोगी हवा राहते. ओणवे होऊन किंवा रांगत बाहेर पडावे असे सांगतात ते यासाठी. या सगळ्यात माणसाच्या हाती असतात ती काही मिनिटे. तीच मिनिटे किल्ली शोधण्यात, कपाट सरकवण्यात किंवा गाद्यांचा ढीग बाजूला करण्यात गेली, तर पुढे अग्निशामक दल कितीही तत्पर असले तरी उपयोग नसतो.

दुसरे दार का हवे, हेही लक्षात घ्या. आग नेमकी कोठे लागेल हे आपल्या हातात नसते. स्वयंपाकघर पुढच्या बाजूला असेल, मीटरची पेटी जिन्याखाली असेल, तर आग पुढच्या वाटेवरच लागणार. अशा वेळी मागची वाट हीच एकमेव वाट. पुढचे दार रोजच्या वापरात असते, म्हणून ते आपोआप मोकळे राहते. मागच्या दाराचा रोज काही उपयोग दिसत नाही, म्हणून त्याच्यासमोरची जागा ही 'रिकामी जागा' आहे असे सर्वांना वाटू लागते. प्रथम तेथे झाडू-बादली येते, मग मोडकी खुर्ची, मग जुनी खाट, आणि शेवटी एक लोखंडी कपाट. कोणीही एका दिवसात ते दार बंद केलेले नसते.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची आठवण आपल्यातील वडीलधाऱ्यांना असेल. १३ जून १९९७ रोजी तेथे लागलेल्या आगीत ५९ प्रेक्षक गेले. बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची वाट अडवलेली होती, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. चार पैसे अधिक मिळावेत म्हणून ठेवलेल्या त्या खुर्च्या होत्या.

माझ्या शाखेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सहकारी एका वृद्धाश्रमात राहतात. त्यांना भेटायला मी अधूनमधून जातो. आश्रम चांगला आहे, जेवण चांगले आहे, माणसे प्रेमळ आहेत. म्हणूनच मी त्याचे नाव येथे घेत नाही. एकदा त्यांच्याबरोबर पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत असताना मागच्या जिन्याकडे जाणारे दार दिसले. दाराला कुलूप, कुलपाला गंज, आणि दारासमोर दोन खाटा व जुन्या कपड्यांची पाच-सहा गाठोडी. मी तेथील व्यवस्थापक बाईंना सहज विचारले, तर त्या म्हणाल्या, 'भाऊ, त्या दाराने काय काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही. एक आजोबा रात्री दोन वाजता त्या जिन्याने उतरून रस्त्यावर गेले. पहाटे स्टँडवर सापडले. त्यांच्या मुलाने मला काय नाही ते बोलून घेतलं. त्या दिवसापासून कुलूप.' मी म्हणालो, 'आणि ही गाठोडी?' त्या म्हणाल्या, 'ती तुमच्यासारख्या देणगीदारांचीच. नाही म्हणता येत नाही, आणि ठेवायला दुसरी जागा नाही.'

मित्रहो, या उत्तरातले एकही वाक्य खोटे नव्हते. विस्मरणाचा आजार असलेली माणसे खरोखरच रात्री उठून चालू लागतात. चोरीची भीती खरी आहे. मुलींच्या वसतिगृहात बाहेरच्या माणसाची भीती खरी आहे. तेव्हा 'कुलपे काढून टाका' असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. ज्याला रात्रपाळी करावी लागते त्याला ते सोपे नाही.

येथे मला माझ्या बँकेतला अनुभव उपयोगी पडतो. बँकेच्या तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याने ती उघडता येत नाही. किल्ली कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद होते. ही पद्धत उत्तम आहे, कारण आत पैसा आहे. पैसा सकाळी दहा वाजेपर्यंत थांबू शकतो, गुदमरत नाही. पण पुष्कळ संस्थांत माणसे राहतात त्या जागेलाही नकळत तिजोरीचाच नियम लावला जातो. किल्ली एकच, ती एकाच माणसाकडे, आणि तो माणूस रात्री घरी किंवा गेटजवळच्या खोलीत. न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात १४६ कामगार गेले. त्यातील बहुतेक तरुण मुली होत्या. तेथे जिन्याचे एक दार बंद ठेवले जाई, कारण मालकांना चोरीचा संशय होता. कापडाच्या तुकड्यांची राखण करण्यासाठी लावलेले ते दार होते.

मग उपाय काय? आग आणि सुरक्षा या विषयातील जाणकार सांगतात ते असे, की दार बाहेरच्या माणसासाठी बंद असावे आणि आतल्या माणसासाठी नेहमी उघडे असावे. म्हणजे बाहेरून मूठ किंवा कडी नाही, पण आतून आडवी दांडी दाबली की दार उघडते. चित्रपटगृहात आणि मॉलमध्ये आपण अशी दारे पाहिली आहेत. ज्या ठिकाणी विस्मरण झालेली माणसे आहेत, तेथे दाराला कुलपाऐवजी घंटी लावावी. दार उघडले की रात्रपाळीच्या माणसाजवळ ती वाजते आणि तो उठून पाहतो. शक्य असेल तेथे मागचे दार थेट रस्त्यावर न उघडता संस्थेच्याच कुंपणातल्या अंगणात उघडावे. मग आजोबा बाहेर पडले तरी अंगणातच राहतात. मात्र ते अंगण इमारतीपासून पुरेसे दूर जाता येईल एवढे मोठे असावे आणि त्याचे फाटकही प्रसंगी तात्काळ उघडता यावे. घंटीला थोडा खर्च येतो आणि रात्रपाळीचा माणूस खरोखरच जागा असावा लागतो. कुलूप लावून जी काळजी आपण धातूवर सोपवतो, ती पुन्हा माणसाकडे घ्यावी लागते.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आहे. इमारतीचा मालक किंवा ताबेदार यानेच या उपाययोजना करायच्या आणि त्या चालू स्थितीत ठेवायच्या आहेत. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून, सर्व उपाययोजना सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचे असते. याशिवाय राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ आहे. तिच्यात बाहेर पडण्याचे दार किमान १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असावे, ते बाहेरच्या दिशेने उघडावे आणि आतल्या माणसाला किल्लीवाचून उघडता यावे असे सांगितले आहे. वृद्धाश्रम, अनाथालय, रुग्णालय यांसारख्या संस्थात्मक इमारतींचा जिना किमान २ मीटर रुंद हवा. दार बाहेरच्या दिशेने का, तर घाबरलेली माणसे दारावर एकदम लोटली की आत उघडणारे दार त्यांच्याच वजनाने बंद होऊन बसते.

मोठ्या शहरांत हे नियम थोडेफार पाळले जातात. लहान गावात, भाड्याच्या बंगल्यात किंवा जुन्या वाड्यात चालणाऱ्या संस्थेला दोन मीटरचा जिना कोठून आणायचा हा प्रश्न आहे, आणि तो मी झाकून ठेवत नाही. पण जिना रुंद करता आला नाही तरी आहे तो मोकळा ठेवता येतो. त्याला एक पैसाही लागत नाही.

एक नवी गोष्ट विशेषतः विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. हल्ली जिन्याखाली विजेच्या स्कूटर चार्जिंगला लावतात. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादमध्ये एका लॉजच्या खालच्या बाजूला विजेच्या दुचाकींचे दुकान होते. तेथे आग लागली, धूर जिन्याने वर चढला आणि वर उतरलेल्यांपैकी ८ जण मेले. जिना हे धुराचे धुराडेच असते. त्याच्या तोंडाशी बॅटरी, गॅसचे सिलिंडर, रद्दी किंवा गाद्या ठेवणे म्हणजे धुराड्याखाली चूल मांडणे होय.

आता दार मोकळे असले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला रात्री आग लागली. कक्षात १७ बालके होती. सातांना वाचवता आले, दहा गेली. त्या जिवांना कोणते दार आणि कोणता जिना? त्यांना कोणीतरी उचलूनच न्यायला हवे होते. स्कॉटलंडमध्ये रोझपार्क नावाच्या वृद्धाश्रमात ३१ जानेवारी २००४ रोजी पहाटे आग लागून १४ वृद्ध गेले. आग एका कपाटवजा खोलीतील विजेच्या पेटीत लागली होती. पण खोल्यांची दारे उघडी असल्यामुळे बोळातला धूर खोल्यांत शिरला, अग्निशामक दलाला बोलवायला उशीर झाला, आणि अशा वेळी काय करायचे याची नीट योजना नव्हती. योग्य योजना असती तर हे मृत्यू टळू शकले असते, असा निष्कर्ष २०११ मध्ये चौकशीअंती निघाला. यातून दोन गोष्टी शिकायच्या. बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवायची, आणि झोपण्याच्या खोलीचे दार रात्री लोटून घ्यायचे. कुलूप नाही, कडी नाही, नुसते लोटलेले. एक लोटलेले दारही धुराला बराच वेळ बाहेर थोपवते.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा एका वृद्धाश्रमात तीस माणसे आहेत. त्यातली पंधरा स्वतः चालतात, सात जणांना हात द्यावा लागतो आणि आठ अंथरुणाला खिळलेली आहेत. रात्री एक आया आणि एक वॉचमन आहे. एका खिळलेल्या माणसाला बाहेर न्यायला दोघांना मिळून तीन मिनिटे लागली, तर आठ जणांना चोवीस मिनिटे लागतात, आणि आग एवढा वेळ थांबत नाही. म्हणून खिळलेल्या माणसांना वरच्या मजल्यावर ठेवू नये. खाट उचलण्याऐवजी गादी किंवा चादरीसकट माणसाला जमिनीवरून ओढत नेण्याचा सराव असावा. सर्वांना एकदम बाहेर काढणे अशक्य असेल, तर आधी आगीपासून दूरच्या, मधले दार बंद करता येईल अशा भागात न्यावे. आणि कोणी कोणाला न्यायचे, याची नावानिशी यादी भिंतीवर असावी. बँकेत आमच्या रोजच्या रकमेचा हिशेब पैशापर्यंत जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. मग माणसांचा हिशेब का नको? बाहेर आल्यावर यादी वाचून मोजदाद करायची, म्हणजे आत कोणी राहिले का ते कळते.

आता आपल्या संस्थेपुढे मी तीन सूचना ठेवतो. कार्यकारिणीने त्यांचा विचार करावा, ही विनंती.

पहिली सूचना आपल्या देणगीविषयी. त्या बाईंचे शब्द मला विसरता येत नाहीत. आपण श्रद्धेने दिलेली कपड्यांची गाठोडी कोणाच्या तरी सुटकेच्या वाटेत पडलेली असतील, तर त्या दानाचा अर्थ काय? यापुढे खाट, कपाट, कपडे देण्याआधी आपल्या प्रतिनिधीने विचारावे, की तुम्हाला हे हवे आहे का, आणि हे कोठे ठेवणार? जागा नसेल तर वस्तू देऊ नये. त्याऐवजी मागच्या दाराची घंटी द्यावी, आतून उघडणारी दांडी बसवून द्यावी, अंधारात दिसणारी दिशादर्शक पाटी द्यावी, किंवा रात्रपाळीच्या आणखी एका माणसाच्या पगाराला हातभार लावावा. अशा देणगीचा फोटो चांगला येत नाही, तरी ती द्यावी.

दुसरी सूचना सभासदांसाठी. आपण नातेवाइकांना किंवा ओळखीच्यांना भेटायला अशा ठिकाणी जातो, तेव्हा पाच मिनिटे काढून मागच्या दारापर्यंत चालत जावे. ते उघडून पाहावे. उघडले नाही तर किल्ली कोठे आहे ते विचारावे आणि ती यायला किती वेळ लागला ते घड्याळात पाहावे. हे भांडण म्हणून करू नये, घरच्या माणसासारखे करावे. तेथे राहणारी माणसे स्वतः तक्रार करत नाहीत. कोणाला भीती वाटते, कोणाला संकोच वाटतो, कोणाला शब्दच सापडत नाहीत. त्यांच्या वतीने विचारणारे आपणच. पुन्हा पुन्हा सांगूनही दार उघडले गेले नाही, तर स्थानिक अग्निशमन कार्यालयाकडे लेखी कळवावे व पोच घ्यावी.

तिसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी. वसतिगृहात राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी आपल्या खोलीपासून दोन्ही वाटा पायांनी मोजून ठेवा. किती दारे ओलांडली, किती पायऱ्या उतरलो, हे अंधारात आठवले पाहिजे. खिडक्यांना ग्रील असेल, तर त्यातले एक तरी आतून उघडणारे करून घेण्याची मागणी गृहपालांकडे करा. बोळात सायकली, पेट्या, गाद्या ठेवू नका. एका सॉकेटवर चार चार्जर लावू नका. आग लागली तर लिफ्टने जाऊ नका. आधी ओरडून सर्वांना उठवा, बाहेर पडा आणि मग १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करा. सामानासाठी परत आत जाऊ नका. प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळते. तुमची दुसरी प्रत तुमच्या आईला मिळणार नाही.

शेवटी एका तारखेची आठवण करून देतो. १४ एप्रिल हा दिवस आपल्याला कोणी सांगावा लागत नाही. याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. जयंतीच्या तयारीत आपण सभागृह झाडतो, मंडप घालतो, कमानी उभारतो, वायरी ओढतो. त्याच दिवशी दोन-चार कार्यकर्त्यांनी जवळच्या एका वसतिगृहात किंवा वृद्धाश्रमात जाऊन मागच्या दारासमोरचे सामान हलवून द्यावे, आणि परत येताना आपल्या स्वतःच्या मंडपाच्या दोन्ही वाटा मोकळ्या आहेत ना, तेही पाहावे. त्याला अध्यक्ष लागत नाही, हार लागत नाहीत, वर्गणीही लागत नाही. दोन माणसांचे हात आणि अर्धा तास पुरतो.

 सभा संपल्यावर या सभागृहाचे मागचे दार कोठे आहे तेवढे पाहून घ्या, आणि त्याच दाराने बाहेर पडा.